कुठली गरमी

आमची किशोरी फार बोलणारी नाही आणि मी फार गप्प बसणारी नाही, त्यामुळे एका घरात राहूनही आम्हा जावांचं भांडण कधी जमलंच नाही. मी तोंड उघडायची, ती ‘होय गो वैनी’ म्हणून कामाला लागायची. भिंतीशी माणूस किती वेळ भांडणार? मी थोरली, वाडीतल्या शाळेत मुलांना शिकवून निवृत्त झालेली. ती माझ्या धाकट्या दिराची, सत्यवानाची बायको. घर एक, चुली दोन, विहीर एक. तुझ्याबद्दल लिहिते म्हटल्यावर ती इतकंच म्हणाली, “लिव. पण माझा नाव घाल. खोटा नाव घातलंस तर लोक इचारीत रवतले, ही कोण म्हणान.” म्हणून नाव तिचंच आहे.

किशोरी रेडीची. बाप बोटीवर खलाशी, घर समुद्राच्या वाऱ्यावर. लग्न होऊन वालावलला आली ती थेट काजूच्या बागेत. सत्यवान तेव्हा गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. चतुर्थीला यायचा, मे महिन्यात यायचा, मधेच कधी दांडी मारून यायचा. बाकी वर्षभर शेत, गाय, सासू, मुलगी, सगळं हिच्या अंगावर. सासूची दुखणी तिने हसत काढली असं मी म्हणणार नाही. ती हसत नसे. पण काढली. मुलीचं लग्न करून दिलं, ती कणकवलीला सुखात आहे. मग किशोरीने ओल्या काजूगरांचा धंदा सुरू केला.

झाडावरच्या कोवळ्या बिया काढायच्या, मधोमध चिरायच्या आणि आतला गर अख्खा बाहेर काढायचा. ऐकायला सोपं आहे. पण ओल्या काजूच्या सालीत जो चीक असतो तो बिब्यासारखा उततो. बोटं काळी पडतात, फोड येतात, कातडी पापुद्रे होऊन निघते. थंडी सरता सरता वाडीतल्या बायका किशोरीच्या पडवीत येऊन बसतात, हाताला खोबरेल लावतात, राख चोळतात आणि दिवसभर चिरतात. मुंबईची माणसं काजूच्या उसळीचं कौतुक करतात तेव्हा मला ह्या बायकांची बोटं आठवतात आणि माझं तोंड वाकडं होतं.

ह्या बायकांची एक रीत आहे. सगळं जग मोरीतून बाहेर आलं की हात धुतं. आमच्या बायका काजूच्या दिवसांत मोरीत जायच्या आधी हात धुतात. तेल लावून, राखेने खसखसून, वर साबण लावून, आणि मगच आत जातात. नवीन मुलगी कामाला आली की तिला कारण कुणी सांगत नाही. नुसतं “आदी हात धू गो” म्हणतात आणि एकमेकींकडे बघून हसतात. ती समजायचं ते समजते. पुरुषांना हे कुणी कधी सांगितलेलं नाही. पुरुष झाडावर चढतात, पोती उचलतात, चिरायला काही बसत नाहीत. मग सांगायचं कशाला आणि कुठल्या तोंडाने?

हॉटेल बंद पडलं आणि सत्यवान कायमचा घरी आला. मोठ्या आवाजाचा, मोकळ्या मनाचा माणूस. भट्टीच्या घरघराटात बोलायची सवय लागलेली, त्यामुळे त्याने चहात साखर मागितली तरी ती मागच्या वाडीला ऐकू जाते. त्याच्या पोटात काही राहत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. यंदा काशीबाईची सून बाळंत झाली म्हणून काशीबाई कामाला आली नाही आणि शिमग्याची मागणी तर डोक्यावर बसलेली. सत्यवान म्हणाला, “जन्मभर कांदे चिरलंय, काजू काय माका जड जातत?” आणि बसला की चिरायला. हाताला तेल लावून घेईना. हात निसरडे होतात म्हणे. बायका गालात हसल्या, पण दिरा-भावोजीच्या नात्याच्या माणसाला कोण काय सांगणार?

काही दिवसांत सत्यवानाचा आवाज बंद झाला. फेंगडा चालायला लागला, दिवसाउजेडी अंथरुणात पडून राहायला लागला. मला वाटलं, झाडावरून पडला आणि लपवतोय. किशोरीने विचारलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “काय नाय गो. गरमी झाली आसा.”

आता आमच्याकडे गरमी कशाला म्हणत नाहीत? तोंड आलं, गरमी. घोळणा फुटला, गरमी. डोळे चुरचुरले, गरमी. सब्जा घ्या, सोलकढी प्या आणि गप पडा. सत्यवानाच्या डोक्यात त्याहून जास्त काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने किशोरी रेडीला माहेरी निघून गेली. आईला बरं नाही म्हणाली. भर हंगामात, पडवीत काजूच्या टोपल्या तशाच टाकून. अंगात ताप असताना ज्या बाईने कधी पडवी सोडली नाही ती गेली, आणि शिमगा आला तरी परत आली नाही. मी तिच्या भावाला, सुदेशला फोन लावला. तो म्हणाला, “आयेक काय धाड भरली नाय, दोन वेळ भात जेवता.” तेव्हा मी पदर खोचला आणि सत्यवानाला विहिरीवर गाठलं.

“काय केलंस तू?” मी विचारलं.

“वैनी, माका थंय जखमो झाल्यात.”

“थंय म्हंजे खंय?”

तो माडाच्या शेंड्याकडे बघायला लागला. मग मला कळलं. आमच्या भाषेत माडाच्या झावळीच्या प्रत्येक भागाला नाव आहे, होडीच्या प्रत्येक फळीला नाव आहे, आणि माणसाच्या ह्या भागाला नुसतं ‘थंय’, म्हणजे तिथे. मी शाळेत ‘आपले शरीर’ शिकवायची तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यातला माणूसही कंबरेपासून गुडघ्यापर्यंत चड्डीच घालून असायचा. मुलंही कधी विचारायची नाहीत.

मी सत्यवानाला सोडलं नाही. गोव्यात काय काय उद्योग केलेस ते सांग म्हटलं. पुष्कळ काही बोलले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. किशोरी माझ्या डोळ्यांसमोर त्या घरात राबलेली होती. तो ऐकत राहिला. मग विहिरीच्या काठावर बसला आणि रडायला लागला. नातवंडं झालेला माणूस.

“लक्ष्मीनारायणाच्या पायरेर हात ठेवन सांगतंय वैनी, मी कधी तसला काय करूक नाय. पण तिका वाटता मी गोव्यात शेण खाल्लंय. म्हणानच ती गेली. आता काय सांगलंय तरी ती इस्वास ठेवची नाय.”

मला त्याची दया आली. विश्वास मात्र अर्धाच बसला, खोटं कशाला बोलू? त्याने कुठल्याशा दुकानातून ‘खाजेचं मलम’ म्हणून काहीतरी आणून लावलं होतं, त्याने आग आणखी वाढली होती. दुखणं कुणाला दाखवायचं नाही, पण मलम मात्र हवं. आमच्याकडची अर्धी माणसं असंच करतात. मी म्हटलं, उद्या कपडे घाल, ओरोसला जाऊया. तो नको म्हणाला. मी त्याला विचारलं नव्हतंच.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी सत्यवानाला पडद्यामागे नेलं आणि मी अलीकडे खुर्चीत बसून राहिले. सत्यवानाचा आवाज भीतीने परत मोठा झाला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“हात दाखवा,” बाई म्हणाल्या.

“हाताक काय होऊक नाय… हाताला नाही झालं काही.”

“बोटं काळी आहेत. कातडी निघतेय. काय काम करता?”

“काजू चिरतो.”

बाई म्हणाल्या, “लघवीला जाताना हात आधी धुता की नंतर?”

“नंतर. सगळे नंतरच धुतात ना?”

मी खुर्चीत बसल्या बसल्या कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं ती पडवी मी बघत होते, ‘आदी हात धू’ ऐकत होते, आणि ह्याच्या बाबतीत माझ्या डोक्यात ते आलं नाही. सत्यवान बाहेर आला तो चेहरा पडलेलाच. बाईंनी त्याला समोर बसवून नीट सांगितलं. काजूचा चीक हाताला असतो, हात तिथे लागतो, तिथली कातडी नाजूक, म्हणून तिथे जास्त उततो. हा कुणाकडून लागलेला आजार नाही. खात्रीसाठी त्यांनी रक्त तपासायला घेतलं, लावायला दिलं, दुकानातलं मलम बंद करायला सांगितलं. तरी तो उठेना.

“बाई, हे माझ्या बायकोला लिहून द्याल?”

“लिहून कशाला? त्यांना घेऊन या, मी सांगते.”

पुढे रक्ताचे रिपोर्टही स्वच्छ आले, पण आम्ही तेवढं थांबलो नाही. दुसऱ्याच दिवशी रेडीची गाडी धरली. सत्यवान सुदेशच्या अंगणात यायला तयार होईना, वाटेवरच्या वडाखाली बसून राहिला. किशोरी मागच्या दारी वाळूत पाय सोडून बसली होती. समोर समुद्र होता पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. वाळली होती. मी गेले ती सगळं सांगूनच थांबले. काजू, चीक, हात, ओरोस. वर म्हटलं, “तुझो घो निर्दोष आसा गो बाये. चल आता घराक.”

मला वाटलं ती हसेल, नाहीतर रडेल. तिने नुसतं विचारलं, “म्हंजे तेंका माझ्याकडसून होऊक नाय?”

मला कळेचना. “तुझ्याकडसून कसा होतला?”

“ते तसले नाय, ता माका म्हायत आसा. मी तेंच्यावर संशय घेवन येवक नाय वैनी. माका वाटला माझी गरमी तेंका लागली.”

मग तिने सांगितलं. इतक्या वर्षांत मी तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्या सगळ्या बोलण्यात नाव घेतलं नाही, ‘थंय’ एवढंच. थंय खाज येते, किती वर्षं झाली. पाळी गेल्यापासून फार. कातडी पांढरी पडलीय, सिगारेटच्या कागदासारखी पातळ झालीय, मधेच चिरते, मग लघवी करतानाही आग होते. खोबरेल लावून, मिठाच्या गरम पाण्यात बसून दिवस काढले. सत्यवान घरी राहायला आल्यापासून कंबरेचं निमित्त करून वेगळी झोपत होती. काजूचा हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला एकदा त्याने जवळ घेतलं आणि तिला नाही म्हणता आलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, गरमी झाली आसा.

“तुका कोणी सांगलां ही गरमी म्हणान?”

“आयेक हीच व्हती. तिच्याकडसून माझ्या रगतात इली,” ती म्हणाली.

किशोरीची आई, यशोदाबाई. किशोरी लहान असताना तिला हाच त्रास सुरू झाला. गावात एक वैद्य होता. त्याला दाखवायचं म्हणजे दाखवायचं नव्हतंच, दाराआडून सांगायचं. त्याने नाडी धरली आणि म्हणाला, गरमी आहे. बोटीवरच्या खलाशाची बायको आणि गरमी! शेजारणींनी अर्थ लावून टाकला. बंदराबंदरातून पुरुष घेऊन येतात ती गरमी. नवरा, गुरुदास, पुढल्या खेपेला बोटीवरून घरी आला तेव्हा त्याचं अंथरूण पडवीत टाकलेलं होतं. त्याने शपथा घेतल्या, पाया पडला, रागावला. यशोदाबाईने त्याचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. नोकरी संपवून घरी आला तरी तो पडवीतच राहिला. ताट किशोरी नेऊन द्यायची. आई नवऱ्याशी बोलत नसे आणि त्याच्याबद्दल बोलायची वेळ आलीच तर ‘तो’ म्हणे. त्या पिढीतल्या बाईने नवऱ्याला ‘तो’ म्हणणं ही काय गोष्ट आहे हे आजच्या मुलींना कळायचं नाही.

“वैद्यान म्हटल्यान तरी काय नेमका?”

“गरमी.”

“पण खंयची गरमी?”

किशोरीने माझ्याकडे बघितलं. “ता कोणी इचारूकच नाय,” ती म्हणाली.

मी वडाकडे तोंड करून सत्यवानाला हाक मारली. तो आला, अंगणाच्या कडेलाच थांबला आणि तिथूनच ओरडला, “माका काजू उतलो गो! डॉक्टरीण म्हणाली!” आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. किशोरीने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती कोण जाणे, दोन्ही असेल. सत्यवान आता हे कुणालाही सांगतो. काजूच्या कामाला येणाऱ्या प्रत्येक गड्याला आधी बोलावून घेतो आणि हात कधी धुवायचे ते सांगतो, आणि पडवीतल्या बायका लाजून उठून जातात.

किशोरीला ओरोसला न्यायला मला जास्त भांडावं लागलं. दाखवायची लाज होतीच, पण त्याहून मोठी भीती होती की बाई म्हणतील, होय, तीच. ती पडद्यामागे गेली तेव्हा माझा हात घट्ट धरून गेली, म्हणून मलाही आत जावं लागलं. बाईंनी शांतपणे बघितलं. म्हणाल्या, “हे किती वर्षं अंगावर काढलंत?”

बाईंनी लायकेन असं सुरू होणारं एक लांब नाव सांगितलं. हा कातडीचा आजार आहे, जंतूंचा नाही. कुणाकडून येत नाही, कुणाला लागत नाही, रक्तातलं विष नाही. मलम लावायचं, ते बराच काळ लावायचं, आग-खाज थांबेल. मात्र येऊन दाखवत राहायचं, दुर्लक्ष केलं तर कधी कधी तिथे वाईट गाठ धरू शकते. खात्रीसाठी त्यांनी कातडीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. पुढे तोही त्यांच्या म्हणण्यासारखाच आला.

मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून टाकला. किशोरी मात्र खुर्चीतून हलली नाही.

“आईला असलं तर मुलीला होतं का?” तिने जपून, ऑफिसातल्यासारख्या मराठीत विचारलं.

“कधी कधी एकाच घरातल्या बायकांना झालेलं दिसतं. पण त्यांना बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही. आई आहेत ना? घेऊन या.”

“आणि ते… नवऱ्यामुळे होतं?”

“नाही.”

“बोटीवर असला तरी?”

“नवरा कुठेही असला तरी. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.”

बाहेर आल्यावर मी खुशीत होते. चल, गरम भजी खाऊया म्हटलं. किशोरी स्टँडवरच्या बाकावर बसली आणि तिने हातातली मलमाची पिशवी मांडीवर ठेवली.

“वैनी,” ती म्हणाली, “माझो बापूस पडवेत मेलो.”

मी तिच्या शेजारी बसले. भजी कुणी खाल्ली नाहीत.

त्यानंतर कितीतरी दिवस तिचं एकच चाललं होतं, सांगायचं की नाही. सत्यवान म्हणाला, म्हातारी पिकलं पान, आता तिला कशाला छळायचं? बाप गेला तो काही परत येणार नाही. त्याचं म्हणणं मला पटत होतं. मग मी किशोरीकडे बघायची आणि तिचंही पटायचं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की एखाद्या गोष्टीवर मला मत नव्हतं. “नाय सांगलंय तर ती खाजयत खाजयतच मरतली,” किशोरी म्हणाली. मलमाने तिला स्वतःला उतार पडायला लागला होता. इतक्या वर्षांनी ती पुरी झोपत होती, आणि आई तिकडे मिठाच्या पाण्यात बसत असेल हे तिला सहन होईना. मलम द्यायचं तर कशाचं ते सांगायला हवं होतं. तिने जायचं ठरवलं आणि मला बरोबर यायला सांगितलं.

आम्ही रेडीला पोचलो तेव्हा दुपारची जेवणं झाली होती. सुदेश बाहेर झोपाळ्यावर होता, त्याची बायको माहेरी गेलेली. यशोदाबाई माजघरात कोकमाची सोलं निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातली बाई, पाठीत वाकलेली, पण नजर धारदार. किशोरी त्यांच्यासमोर बसली.

“आये, तुका अजून थंय खाज येता?”

म्हातारीने आधी माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागले. “रव,” त्या म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, “येता. कशाक?”

“पांढरा झालां?”

यशोदाबाईंचे हात सोलांवर थांबले. त्यांनी मान हलवली.

“माकाय तसाच आसा,” किशोरी म्हणाली आणि तिने सांगून टाकलं. आपलं सगळं सांगितलं, सत्यवानाचा काजू सांगितला, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. “तुका बघल्याबिगर ती सांगूची नाय. पण जा माका आसा ताच तू सांगतंस, आये. आणि ती म्हणता, ही गरमी न्हय. ह्यां कोणाकडसून येना नाय.”

मी जमिनीकडे बघत बसले होते. मला भीती वाटत होती, उघड सांगते. म्हातारी किंचाळेल, छाती पिटेल, किशोरीलाच खोटं पाडेल, असं काय काय मनात येत होतं. यशोदाबाईंनी त्यातलं काहीच केलं नाही. एवढंच विचारलं, “कोणाकडसून येना नाय?”

“नाय.”

“घोवाकडसून?”

“नाय, आये.”

“तेणां तसाच म्हटलेल्यान,” त्या म्हणाल्या. “ह्या दारात उबो रवान. मी काय आणूक नाय यशोदा, म्हटल्यान.”

किशोरीने त्यांचा हात धरायला हात पुढे केला. त्यांनी धरू दिला नाही. सोलांची सुपली बाजूला सारली आणि दाराबाहेर बघत राहिल्या. त्या बघत होत्या तिकडे मीही बघितलं. पडवीच्या भिंतीला, जिथे गुरुदासांची खाट असायची म्हणतात तिथे, त्यांचा हार घातलेला फोटो होता. मेल्यावरही त्यांना आत घेतलेलं नव्हतं.

“सुदेशा,” यशोदाबाईंनी हाक मारली.

सुदेश झोपाळ्यावरून उठून दारात आला.

“तेंका भितर घे.”

त्याला आधी कळलंच नाही. आई कुणाबद्दल बोलतेय ते त्याला कळेना, कारण त्या माणसाला ‘तेंका’ म्हटलेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. किशोरीने भिंतीकडे बोट दाखवलं. त्याने फोटो खिळ्यावरून काढला, खांद्यावरच्या पंच्याने पुसला आणि उंबरा ओलांडून माजघरात आला.

“खंय लावू?” त्याने विचारलं.

“लावतलंस मगे,” यशोदाबाई म्हणाल्या. “आदी माझ्याकडे दी.”

त्याने फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला.